शिवा, तुझी आठवी माझ्याकडे आहे

तू गेल्यानंतरच्या पहिल्याच तासाला मी तुझ्या आठवीच्या फळ्यावर चुकीची सिद्धता लिहिली.

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी अंश असते, एवढंच सिद्ध करायचं होतं. मी त्यासाठी बाह्यकोनाचं प्रमेय वापरलं. ते प्रमेय तुझ्या वर्गाला अजून यायचंय, आणि आपल्या पुस्तकात ते उभं आहे ते या बेरजेच्याच खांद्यावर. म्हणजे ज्याच्यावर आरोप, त्यालाच मी साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभा केला, मान डोलावून त्याची साक्ष घेतली, आणि शेवटी ठसठशीत ‘इति सिद्धम्’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या. दुसरी रेघ ओढताना खडू मोडला. कुणी हसलं नाही. कुणी हात वर केला नाही. सगळ्यांनी मुकाट्यानं वहीत उतरवून घेतलं, घंटा झाली, आणि मी छाती पुढे काढून बाहेर पडलो.

चूक कळली ती संध्याकाळी, आपल्या खोलीवर पिठलं ढवळताना. पिठलं करपलं. तू असतास तर दोन्हींबद्दल बोलला असतास, आणि आधी पिठल्याबद्दल.

चुकीचं मला काही नवल नाही, शिवा. मी चुकांवरच संसार केलेला माणूस. पण तुझा वर्ग गप्प बसला, ते मला झोपू देईना. जो वर्ग तुझी एक पायरी सुटली तर तुला टेबलापर्यंत जाऊ द्यायचा नाही, त्यानं माझी अख्खी शिडीच हवेत टांगलेली पाहिली आणि चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, तू गेलास तो एकटा गेला नाहीस. त्यांनाही घेऊन गेलास.

तू या शाळेत आलास तेव्हा मी वरच्या वर्गांचा गणिताचा राजा होतो. माझं शिकवणं तुला ठाऊकच आहे. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, सगळं चालीवर. अकरावीची पोरं प्रमेयं अशी म्हणायची की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं भजन चाललंय. निकाल चांगला लागायचा. तू पहिल्या दिवशी माझ्या वर्गाबाहेर थांबून ऐकलंस आणि खोलीवर आल्यावर म्हणालास, “आवाज छान आहे पोरांचा.” मी ते कौतुक समजलो. आठवडाभर मी ते चारचौघांत सांगत होतो.

मग तपासणीला साहेब आले. त्यांनी माझ्या सगळ्यात हुशार पोराला फळ्याशी बोलावलं, आणि अबक त्रिकोणाऐवजी पफब काढला. शिवाय त्रिकोणाचं टोक खाली केलं. पोरगं बघत राहिलं. मग हात जोडून म्हणालं, “सायेब, ह्यो त्रिकोन आमाला न्हाई.”

त्या दिवशी परतताना तू रस्त्याच्या मोरीवर बसून हसलास ते आठवतंय? डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी म्हणालो, “हसू नको, माझी नोकरी जाईल.” तू डोळे पुसत म्हणालास, “अरे, त्या पोराचं काय चुकलं? त्याला खरंच एकच त्रिकोण होता. तू दिलेला.” मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी रेशनच्या मिलो ज्वारीच्या भाकरी थापायची पाळी तुझी होती, म्हणून बोललो.

मग मी तुझ्या सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसलो. तुला सांगितलं की तास रिकामा आहे. खरं म्हणजे तुझी फजिती बघायला आलो होतो. तू सगळ्यांना हवा तसा त्रिकोण काढायला लावलास, कोन मोजायला लावलेस, बेरीज करायला लावलीस. मीही काढला. नुसतं काय बसायचं? मग तू म्हणालास, “ज्यांची बेरीज बरोबर एकशे ऐंशी आली ते उभे राहा.” अर्धा वर्ग उभा राहिला. मागच्या बाकावरून मीही उभा राहिलो, शाबासकी मिळेल म्हणून.

“तुम्ही मोजलं नाही,” तू म्हणालास. “तुम्ही कुठंतरी ऐकलं होतं, आणि शेवटचा कोन त्या हिशेबानं लिहिला. बसा.”

मी बसलो. इतका अचूक पकडला गेलो होतो की बसताना बाकाचा कोपरा लागला. आणि बघ, अजूनही तो तास आठवला की ते लागलेलं आठवत नाही, तुझा आवाज आठवतो. रागाचा नव्हता. तुला खरंच वाईट वाटलं होतं.

मग तू चंद्रकलेला विचारलंस. ती तांबड्या रिबिनीची, जी उत्तर द्यायच्या आधी नाक ओढते ती. तिचे एकशे शहात्तर आले होते. तिनं खरं सांगितलं म्हणून तू तिला पुढे बोलावलंस.

“मंग सर, खरं किती?”

“तुला काय वाटतं?”

“एकशे ऐंशीच आसंल.”

“कशावरून?”

“पुस्तकात हाय.”

“आणि पुस्तकवाल्याला कशावरून कळलं?”

तिनं नाक ओढलं. “समदे त्रिकोन मोजून बघितले आसतील.”

“कुणी?”

“सरकारनं.”

मागून एक पोरगं ओरडलं, “सरकारला कुठं येळ हाय? आमच्या बांधाची मोजनी अजून झाली न्हाई!” अख्खा वर्ग हसला. तूही हसलास. मग फळ्याला टेकून उभा राहिलास आणि म्हणालास, “त्रिकोण संपणार नाहीत आणि मोजणारे संपतील. तेव्हा न मोजता कळायला पाहिजे. ते पुढच्या वर्षी बघू, समांतर रेषा झाल्या की. तोवर कुणी विचारलं, बेरीज किती, तर सांगायचं, एकशे ऐंशी असावी असं वाटतं, पण आम्हाला अजून नक्की माहीत नाही.”

शिवा, मी मास्तरकीत एवढी वर्षं काढली, पण मास्तर स्वतः पोरांना ‘माहीत नाही’ म्हणायला शिकवतोय हे तेव्हाच पाहिलं. संध्याकाळी आपली खडाजंगी झाली. मी म्हणालो, ही पारनेरच्या कोरड्या रानातली पोरं. यांना मॅट्रिक होऊन कुठंतरी चिकटायचंय. कुणी तलाठी होईल, कुणी कंडक्टर. यांच्या वयाला सिद्धता पेलत नाही, पाठ करू दे, पास होऊ दे. तू म्हणालास, “उद्या बंडिंगच्या कामावर बांधासाठी खणताना मुकादम म्हणाला, तुझा खड्डा मापात कमी भरला, तर यानं कशावरून हे विचारायला नको?” मी म्हणालो, मुकादमाला कशावरून विचारलं की दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाहीत. तू म्हणालास, “म्हणून तर एकट्यानं विचारायचं नाही. वर्गानं विचारायचं.”

तो वाद तिथेच राहिला. नंतर अनेकदा उकरला, पण राहिलाच. माझ्याकडे त्यावर एक फार चांगलं उत्तर होतं. परवा सुचलं. आता ते कुणाला सांगू?

तुझ्या त्या ‘कशावरून’नं गावात केवढा उच्छाद मांडला होता! चंद्रकलेचा बाप टोपी हातात घेऊन खोलीवर आला होता. “नवले सर, पोरगी लई बिघाडली. आजीला म्हनती, आमुशाला न्हायचं न्हाई हे कशावरून? मी म्हनलं, भाकऱ्या टाक. तर म्हनती, भावानं का टाकू नई, कशावरून?”

तू गंभीर चेहऱ्यानं विचारलंस, “मग तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगनार? सुचलंच न्हाई काई.”

“मग तुम्हाला सुचलं की मलाही सांगा. मीही तेच शोधतोय.”

तो माणूस थोडा वेळ बसला, चहा प्याला, आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, “मानूस चांगला हाय, पर धोक्याचा हाय.” तुझं याहून नेमकं वर्णन मला अजून जमलेलं नाही.

यंदा पाऊस आलाच नाही. तू अकोले तालुक्याचा, भंडारदऱ्याच्या अंगाचा. पाण्याच्या आवाजात वाढलेला. इथलं आभाळ बघून म्हणायचास, “तुमच्याकडं हे नुसतं शोभेला लावलंय.” दिवाळीनंतर वर्गातली निम्मी पोरं आईबापांबरोबर पाझर तलावाच्या कामावर जायला लागली. हेडमास्तर म्हणाले, गैरहजेरी लावा आणि पुढे चला. तू पुढे गेला नाहीस. दुपारच्या सुट्टीत सायकल घेऊन तू त्या कामावर जायचास. पोरं दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी खात बसलेली असायची, तू भरावाच्या मऊ मातीत काडीनं समांतर रेषा काढायचास, आणि बायका डोक्यावरच्या पाट्या सावरत त्या रेषांना वळसा घालून जायच्या. मी एकदा बरोबर आलो होतो. घाईत नेमका रेषांवरच पाय दिला. एक म्हातारी माझ्यावर खेकसली, “ये बाबा, दिसत न्हाई का, शाळा हाय हितं!”

तिथलं पाणी तू प्यायचास. टँकरचं, पिंपातलं, सगळे प्यायचे तेच. मी माझी बाटली न्यायचो. मला कोणी शूर म्हटलेलं नाही, आणि कोणी म्हणू नये.

मग त्या सकाळी मी म्हणालो, “शिवा, तुझे डोळे पिवळे दिसतात.”

तू म्हणालास, “कशावरून?”

मी म्हणालो, दिसतात म्हणून. तू म्हणालास, दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही हे तुला दोन वर्षं सांगतोय. धूळ आहे, जागरण आहे, उजेड तिरपा आहे. तीन कारणं दिलीस, क्रमानं. मी हसलो आणि हरलो. तुझ्याशी मी इतके वाद घातले, त्यातला तो एकच जिंकायला हवा होता. तेव्हाच तुझी मानगूट धरून एसटीत बसवायला हवं होतं. पुरावा पुरेसा होता, शिवा. मला तो मांडता आला नाही.

नगरच्या दवाखान्यात तू खाटेवर होतास तेव्हा इतका पिवळा होतास की उजेडाकडे बोट दाखवायची सोय राहिली नव्हती. तू पहिलं काय विचारलंस?

“आठवी कुणाकडं दिली?”

“माझ्याकडं.”

तू डोळे मिटलेस. “अरेरे,” म्हणालास. मला खूप बरं वाटलं. म्हटलं, अजून चिमटे काढतोय म्हणजे उठेल हा.

मग हळूहळू बोललास. “बेरजेचं राहिलंय त्यांचं. वर्षभर थांबलीत पोरं. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढायची, ते तुला पाठच आहे. पण ती कशी काढली ते सांगू नको. का काढावीशी वाटली ते सांग. नाहीतर नुसती जादू होते.”

मी म्हणालो, “का काढावीशी वाटली?”

इतकी वर्षं मी ते प्रमेय शिकवत होतो. ‘रचना : शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली.’ का, ते मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. काढायची असते म्हणून काढायची, लग्नात अक्षता टाकतात तशी.

तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, “विचार कर की.” तेवढ्यात नर्सबाईंनी मला बाहेर काढलं. आपलं शेवटचं बोलणं ते. लोकांना शेवटी आशीर्वाद मिळतात, निरोप मिळतात. मला तू गृहपाठ दिलास.

तुझ्या गावी आलो होतो मी. तिथलं काही लिहीत नाही, तुला काय सांगायचं त्यातलं? एवढंच सांगतो, की तुझी आई माझ्या शेजारी येऊन बसली. डोळे कोरडे होते तिचे. म्हणाली, “तुमी संगं ऱ्हात हुता ना? आमचा शिवा काय शिकवायचा हो?” मी गणित म्हणालो. “गनित म्हंजे काय?” मी बेरीज म्हणालो, त्रिकोण म्हणालो. शेवटी म्हणालो, “कशावरून, असं विचारायला शिकवायचा.” ती हसली बघ, त्या तशातही. “लहानपनी बी त्येच. लई मार खाल्ला त्यानं त्याच्यापायी.” मग पदर तोंडाला लावला, आणि मला तिथून उठता येईना.

परत आलो आणि दुसऱ्याच दिवशी तुझ्या आठवीवर उभा राहिलो. आता तुला कळलं असेल मी बाह्यकोनाची भानगड का केली. तुझी ती रेषा टाळायला. काढली असती तर ‘का’ आलं असतं, आणि माझा गृहपाठ झाला नव्हता.

करपलेल्या पिठल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गावर गेलो आणि सरळ म्हणालो, “काल मी जे लिहिलं ते चूक होतं. पुसून टाका वहीतलं.”

चंद्रकला म्हणाली, “व्हय सर. आमाला म्हाईत हुतं.”

“माहीत होतं? मग कुणी बोललं का नाही?”

ती नाक ओढून म्हणाली, “तुमी रडत हुता.”

मला ठाऊकच नव्हतं, शिवा. मी आपला समजत होतो की मी उत्तम शिकवतोय.

त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं. तुला त्यांनी एकदाही सोडलं नाही. ताप असताना आलास तरी नाही, बहिणीचं लग्न मोडल्याचं पत्र आलं त्या दिवशीही नाही. आणि मला त्यांनी माफ करून टाकलं. तेव्हा कळलं, तुझ्या वर्गात कशावरून विचारणं म्हणजे माणसाला पुरता आपला धरणं होतं. मला अजून धरलेलं नव्हतं. मी पाहुणा होतो.

आणि पाहुण्यासारखीच वागवायला लागली मला ती. मी यायच्या आधी फळा पुसलेला. टेबलावर तांब्याभर पाणी, या दिवसांत! काहीही म्हणालो की “व्हय सर.” एकदा तर मी मुद्दाम चौकोन म्हणून पाच बाजूंची आकृती काढली. पोरांनी पाचही बाजू पट्टीनं व्यवस्थित उतरवून घेतल्या. मी स्टाफरूममध्ये येऊन खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. तू उभं केलेलं सगळं माझ्या हातात आल्यापासून इतकं सभ्य, इतकं आज्ञाधारक होत चाललं होतं, आणि हेडमास्तर पाठीवर थाप मारून म्हणाले, “गुंजाळ, नवल्यांच्या वर्गाला शिस्त लावलीत हो!”

म्हणून काल मी ठरवलं, की आता रेषा काढायचीच. गृहपाठ केला होता मी. खोलीवर तुझ्या रिकाम्या खाटेसमोर उभा राहून तालीम केली होती. चांगलं भाषण तयार केलं होतं, तुला माहीतच आहे मला उपमा सुचायला लागल्या की काय होतं ते.

वर्ग बऱ्यापैकी भरलेला होता. मुरूम संपून तलावाचं काम थांबलं म्हणून पोरं आली होती. मी त्रिकोण काढला, टोक वर. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली. खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणालो, “आता, ही रेषा का काढली? तर मुलांनो, त्रिकोण म्हणजे एक घर. आणि घर म्हटलं की त्याला छप्पर पाहिजे. ही रेषा म्हणजे त्या घरावरचं छप्पर. ती त्रिकोणाला आधार देते, सावली देते...”

बोलता बोलता माझं मलाच कळलं की यात काही दम नाही. पण गाडी उताराला लागली होती. मी सावलीवरून मायेवर गेलो. मायेवरून तुझ्यावर यायच्या बेतात होतो.

मला वाटलं, आता येतंय ते “व्हय सर.”

चंद्रकला माझ्याकडे बघतच नव्हती. ती फळ्याकडे बघत होती.

“सर, छप्पर काय करतंय त्याच्यात?”

“म्हणजे... आधार.”

“कुनाला? त्रिकोन काय पडतोय का?”

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मग शिवा, अख्खा वर्ग हसला, पोट धरून, माझ्या तोंडावर. मागच्या बाकावरचा एकजण उठून म्हणाला, “आगं, खालचे दोन कोन वर न्यायचे आसतील. तितं तिसरा हाय ना.” दुसरा म्हणाला, “न्यायचे कसे? उचलून?” “समांतर हाय की! व्युत्क्रम कोन सारखे आसत्यात, नवले सरांनी भराव्यावर दाखीवलं नव्हतं का?” तुझं नाव असं सहज आलं त्या भांडणात, दुःखानं नाही, कामाला म्हणून. दोघं-तिघं बाकांवरून उड्या मारून फळ्याकडे आली. कुणीतरी माझा खडू उचलला. मी मध्ये पडायला गेलो, म्हणालो, “थांबा, थांबा, मी सांगतो, पहिल्यांदा पक्ष लिहा, मग साध्य...”

चंद्रकलेनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, कामात लुडबुडणाऱ्या माणसाकडे बघतात तसं.

“सर, तुमाला ह्ये कळल्यालं न्हाई. तुमी बसा जरा, आमी बघतो.”